वाचनालयाची यादी वेबवर नेताना

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची ग्रंथयादी वेबवर टाकायचं ठरलं, तेव्हा पहिला वाद झाला तो रिअ‍ॅक्ट (ब्राउझरमध्येच पान घडवणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी) की पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) यावर. सोबतच्या तरुण मित्राला सगळं ब्राउझरमध्ये हवं होतं. बारा-तेरा हजार पुस्तकांची यादी एकदाच जेसन या साध्या मजकुराच्या फाइलरूपात उतरवायची, मग शोध फोनवरच चालेल. कल्पना वाईट नव्हती. यादी एकदा आली की अक्षर टाइप करताच निकाल समोर. पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे फाइल जड, आणि आमच्या वाचकांचे फोन जुने. ग्रंथपाल काकूंच्या फोनवर उघडून पाहिलं, तर पडदा पांढराच. थोडं थांबून त्यांनी सरळ दाखल नोंदवही पुढे ओढली. वाद मिटला.

मग शोध सर्व्हरवर गेला: पीएचपी आणि एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस. साधा गेट पद्धतीचा फॉर्म, म्हणजे शोधलेला शब्द पानाच्या पत्त्यातच जातो; निकालाचं पान सर्व्हर तयार करूनच पाठवतो. शोधाचा पत्ता जसाच्या तसा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकता येतो, हे वाचकांना फार आवडलं. जावास्क्रिप्ट उरली ती फक्त टाइप करताना खाली सूचना दाखवण्यापुरती. ती चालली नाही तरी कुणाचं अडत नाही.

खरा वेळ खाल्ला तो 'ऱ्य'ने. 'ताऱ्यांचे' शोधलं की काही पुस्तकं यायची, काही नाही, आणि डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी सारखे. कारण ही अर्धी र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, एकाहून जास्त प्रकारे लिहिता येते. कुणाच्या कीबोर्डवरून थेट 'ऱ' येतो, कुठे र आणि खाली नुक्ता (टिंब), तर कुठे र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. एसक्यूलाइट बाइट जुळवतं, दिसणं नाही. पहिले दोन प्रकार एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणण्याने, एक होतात. तिसरा होत नाही. ते जोडचिन्ह सरसकट उडवून टाकावं, तर 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' होतं आणि स्वयंपाकी गुरुजींच्या रांगेत जाऊन बसतात. म्हणून आधी त्या जोडणीचं 'ऱ्' करायचं, मगच उरलेली जोडचिन्हं काढायची.

हे ब्राउझरमध्येही जमलं असतं, जावास्क्रिप्टमध्ये नॉर्मलाइझ आहेच. पण यादीतल्या नोंदींवर पीएचपीचा नियम आणि वाचकाच्या शब्दावर जावास्क्रिप्टचा, असं झालं की दोन्ही कायम तंतोतंत सारखे ठेवत बसा. मी एकच फंक्शन सर्व्हरवर ठेवलं. नोंद साठवताना त्यातून एक वेगळं शोधरूप तयार होतं, आणि आलेला शब्दही त्याच फंक्शनमधून जातो.

पुस्तक देण्या-घेण्याच्या पानावर मात्र दोन्हीकडे तपासणी आहे. दाखल क्रमांक रिकामा असेल तर ब्राउझर लगेच सांगतो, काकूंचा हेलपाटा वाचतो. तरी पुस्तक शिल्लक आहे का, सभासदाची वर्गणी भरलेली आहे का, हे सर्व्हर पुन्हा बघतो. डेव्हलपर टूल्स उघडून ब्राउझरची तपासणी कुणीही बंद करू शकतो. शिवाय वाचनालयाच्या दोन खिडक्यांवरून एकच प्रत एकाच वेळी दिली गेली, तर ते फोनला कळणार कसं? 'प्रत शिल्लक असेल तरच' ही अट डेटाबेसला नोंद बदलायला सांगणाऱ्या अपडेटच्या वाक्यातच घातली. बदललेल्या ओळी शून्य आल्या, की समजायचं दुसऱ्या खिडकीने बाजी मारली.

सध्या काम चालू आहे ते लेखकसूचीचं. युनिकोडच्या क्रमाने लावलं की क्षीरसागर 'क'मध्ये जाऊन बसतात आणि 'ळ' 'व'च्या आधी येतो. काकूंना नोंदवहीसारखाच क्रम हवा: ह, ळ, क्ष, ज्ञ. त्यासाठी आणखी एक रकाना, शोधरूपाच्या शेजारी. तोही सर्व्हरवरच.