ज्याने वडिलांना बाहेर काढले, त्याच्यावरच तक्रार?

“ज्या माणसाने तुमच्या वडिलांना आंब्याखालून ओढून काढले, त्याच्याविरुद्ध तुम्ही प्रांतांकडे कसे गेलात?” अलिबागमध्ये हे मला इतक्यांनी विचारले आहे की आता एकदाच लिहून टाकतो.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात शेजारच्या वाडीतला जुना रायवळ आंबा पडला नाही, पण कलला. मुळे त्यांच्या जमिनीत राहिली आणि भार आमच्या कौलांवर आला. दर उन्हाळ्यात मी विषय काढायचो आणि दर उन्हाळ्यात “यंदाच्या कैऱ्या उतरू द्या” असे उत्तर मिळायचे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्याची मोठी फांदी पडवीवर कोसळली. वीज गेलेली, वासे आणि कौले खाटेवर, वडिलांचे कण्हणे ऐकू येत होते, पण दिसत काहीच नव्हते. गडग्यावरून उडी मारून सर्वांत आधी आला तो शेजारीच. कोयत्याने डहाळ्या तोडत तो आत शिरला आणि “आबा, हात द्या” म्हणाला. अर्धांगवायूने वडिलांचा डावा हात गेलेला आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून अंधारातही त्याने चाचपून उजवाच धरला. पाठीवर घेऊन त्याने त्यांना ओटीवर आणले. हे मी कधीही नाकारलेले नाही. पण सकाळी मी “आता तरी झाडाचे बघू या” म्हटले, तेव्हा वर पाहून तो म्हणाला, “तुटायची ती तुटली.” मी अर्ज केला तो त्या वाक्यामुळे.

“हद्दीत आलेल्या फांद्या स्वतःच छाटायच्या होत्या,” असे सांगणारे तर नाक्यानाक्यावर भेटतात. नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. त्यात झाडाला इजा करणे हेही तोडण्यातच मोडते आणि त्यासाठी आधी परवानगी लागते. शिवाय फांद्या छाटून खोड सरळ होत नाही. म्हणून मी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली गेलो, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 होते: पडून लोकांना इजा होईल अशा स्थितीतले झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा सशर्त आदेश दंडाधिकारी म्हणून प्रांत काढू शकतात. टेकू देऊन शेंडा उतरवला तरी चालेल, असे मी अर्जातच लिहिले आहे. हे मात्र कोणी विचारत नाही.

शेजाऱ्याचे म्हणणे असे की झाड 50 वर्षांहून जुने असल्याने त्याच वृक्षसंरक्षण कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे ते हेरिटेज (वारसा) वृक्ष ठरते. ते बरोबर आहे. रस्तारुंदीत जाणाऱ्या वडांसाठी हेच मुद्दे मांडून हरकतीचा अर्ज मीच लिहिला होता, आणि ‘धोकादायक’ हा शेरा म्हणजे निव्वळ सबब आहे असेही त्यात ठासून म्हटले होते. तेव्हाचा मी आजच्या मला म्हणेल, तूही त्यांच्यातलाच निघालास. मी म्हणेन, तू त्या रात्री पडवीत नव्हतास. या दोघांत कोणाचे खरे, हे मला अजून ठरवता येत नाही.

प्रांतांच्या आदेशाला शेजाऱ्याने हरकत घेतली असून प्रकरण पुराव्यावर आहे. तो म्हणतो, आधी अर्ज मागे घ्या, मग झाडाचे पाहू. मी म्हणतो, आधी झाड.