लॉकडाऊन, बेसमेंट आणि गांजा

कॅनडात गांजा कायदेशीर आहे, हे आपल्याकडे आता बहुतेकांना ठाऊक आहे. १७ ऑक्टोबर २०१८ पासून तो कायदा लागू आहे. मी राहते त्या ओंटारिओ प्रांतात १९ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही तो दुकानातून घेता येतो आणि ३० ग्रॅमपर्यंत जवळ बाळगता येतो. पण कोरोनाच्या काळात विशी-पंचविशीतल्या मुलांच्या आयुष्यात त्याने जी जागा घेतली, तिच्याबद्दल आपल्या लोकांत फार कमी बोललं जातं. ज्यांची मुलं इथे शिकायला आली आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे.

मार्च २०२० मध्ये इथे सगळं बंद झालं, तेव्हा ओंटारिओ सरकारने अत्यावश्यक म्हणून चालू ठेवलेल्या व्यवसायांत गांजाची दुकानंही होती. एप्रिलच्या सुरुवातीला ती यादीतून काढली आणि लगेच काही दिवसांत दुकानाच्या दाराशी येऊन माल नेण्याची, घरपोच मागवण्याची मुभा दिली. सरकारचं स्वतःचं ऑनलाइन दुकान तर चालूच होतं. पूर्ण बंदी घातली असती तर लोक पुन्हा चोरट्या विक्रेत्यांकडे गेले असते, हे मला पटतं. तरी चित्र असं होतं, की लायब्ररी बंद, जिम बंद, कॉलेजचं कॅन्टीन बंद आणि गांजा दारात.

स्टॅटिस्टिक्स कॅनडा या सरकारी सांख्यिकी संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये लोकांना विचारलं, तेव्हा आधीपासून गांजा घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी प्रमाण वाढल्याचं सांगितलं. दारूचं तसं नव्हतं. तिथे वाढवणारे २४ टक्के होते, तर कमी करणारेही २२ टक्के. वाढीची कारणं विचारली की ताण, कंटाळा, एकटेपणा हीच पुन्हा पुन्हा पुढे येत होती. शेजारच्या अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची मंडळी वर्षानुवर्षं तरुणांचं सर्वेक्षण करतात. १९ ते ३० वयोगटातल्या ज्यांनी वर्षभरात एकदा तरी गांजा घेतला, त्यांचं प्रमाण २०११ मध्ये २९ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ४३ टक्क्यांवर गेलं. जवळजवळ रोज घेणारे ६ वरून ११ टक्क्यांवर गेले. म्हणजे वाढ आधीपासूनच चालू होती, कोरोनाने ती सुरू केलेली नाही.

मला विचारात पाडलं ते त्याच विद्यापीठाच्या शाळकरी मुलांच्या आकड्यांनी. बारावीच्या मुलांत हेच प्रमाण २०२० मध्ये ३५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ३० च्या आसपास उतरलं. लॉकडाऊन तोच आणि परिणाम उलटा! माझ्या मते कारण सरळ आहे. सतरा वर्षांच्या मुलाला गांजा मिळतो मित्राकडून, आणि तेव्हा तो चोवीस तास आईबापाच्या नजरेसमोर होता. बावीस वर्षांचा मुलगा मात्र ऑनलाइन मागवू शकत होता आणि त्याच्या खोलीचं दार उघडणारं कुणी नव्हतं.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी चारपाच जणांत एक जॉइंट, म्हणजे गांजाची सिगारेट, फिरायचा, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार झुरके यायचे. कोरोनात एकमेकांचं उष्टं ओढू नका असं सगळीकडून सांगितलं गेलं आणि ते बरोबरच होतं. पण मग अख्खा जॉइंट एकट्याचा झाला. शनिवार-रविवारची मैफल गेली आणि रोजची सवय आली. आधी रात्री झोपण्यापूर्वी, मग ऑनलाइन लेक्चर संपल्यावर, मग लेक्चर चालू असताना, कॅमेरा बंद ठेवून.

आमच्या बेसमेंटमध्ये तेव्हा दोन विद्यार्थी भाड्याने राहत होते. त्यातला एक आपला, विदर्भातला. रेस्टॉरंटमधली नोकरी गेलेली. कॅनडाच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारने जी मदत काढली, ती परदेशी विद्यार्थ्यांना लागू नव्हती. हिवाळ्यात आमच्या घरातलं गरम पाणी सकाळीच संपायला लागलं. टाकी बिघडली असेल म्हणून माणूस बोलावला, तर टाकी ठणठणीत. मग कळलं की हा मुलगा तासतासभर कढत पाण्याखाली उभा असतो. पोटात कळा यायच्या, उलट्या थांबायच्या नाहीत, आणि आराम पडायचा तो फक्त गरम पाण्याने. त्याची आई फोनवरून जिऱ्याचं पाणी सांगत होती, मी लिंबू-आलं करून देत होते. "काकू, ॲसिडिटी आहे," एवढंच तो म्हणायचा.

शेवटी डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, गांजा किती आणि किती दिवसांपासून? दीर्घकाळ, रोज गांजा घेणाऱ्यांपैकी काहींना असा उलट्यांचा आजार होतो आणि कढत पाण्याने बरं वाटणं ही त्याची ठळक खूण आहे. उपायही एकच, गांजा पूर्ण बंद. ओंटारिओतल्या एका अभ्यासात दिसलं, की या त्रासाने इमर्जन्सीत येणाऱ्यांची संख्या जानेवारी २०१४ ते जून २०२१ या काळात सुमारे १३ पट झाली. कायदा आल्या आल्या ती उसळली नव्हती. ठळक वाढ दिसली ती मार्च २०२० नंतर.

आता हा दोष कोरोनाचा की दुकानांचा? त्याच काळात ओंटारिओत दुकानांच्या परवान्यांवरची मर्यादा उठली होती आणि २०२१ मध्येच त्यांची संख्या हजारावर गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, त्यामुळे त्या वेगळ्या काढणं अभ्यासकांनाही जड जातं. माझ्यापुरतं सांगायचं तर मी रिकाम्या दिवसाला अधिक दोष देते. दुकान कोपऱ्यावर असूनही तिकडे न फिरकणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे वेअरहाऊसची का होईना, पण पाळी होती, सकाळी उठायचं कारण होतं.

आमच्या त्या मुलाला गांजा सोडताना सर्वांत जड गेली ती झोप. सवय मोडताना आठवडा-दोन आठवडे झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते, भलतीसलती स्वप्नं पडतात. तिथेच बरेच जण परत ओढायला लागतात, कारण त्यांना वाटतं, गांजाशिवाय आपल्याला झोपच नाही. खरं तर तो अंमल उतरण्याचाच भाग असतो. त्या दिवसांत त्याची आई रोज रात्री व्हिडिओ कॉल चालू ठेवून तिकडे स्वयंपाक करायची. तिची सकाळ, याची रात्र. ती पोहे परतायची, हा बघत बसायचा. बोलणं फारसं नसायचंच.

ही मुलं डॉक्टरांपासून लपवतात ती व्हिसाच्या भीतीने. म्हणून इथल्या नियमांचं स्पष्ट लिहिते. डॉक्टरला खरं सांगितलं तर ते सहसा गोपनीय राहतं. वय झालेल्या विद्यार्थ्याने कायद्याच्या मर्यादेत गांजा घेणं हा इथे गुन्हा नाही. गुन्हा आहे तो नशेत गाडी चालवणं. डिसेंबर २०१८ पासून त्याची कमाल शिक्षा १० वर्षं आहे आणि त्यामुळे परदेशी नागरिकाच्या बाबतीत तो गंभीर गुन्हा धरला जातो. त्याने कॅनडातलं वास्तव्यच धोक्यात येऊ शकतं. भारतात येताना सामानात गांजाच्या गमीचं, म्हणजे चघळायच्या गोळ्यांचं, एखादं पाकीट विसरणंही तितकंच महागात पडेल, सीमा ओलांडून गांजा नेणं इथेही गुन्हा आणि तिथेही. ओंटारिओत कॉलेज-विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी गुड-टू-टॉक नावाची मोफत हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू, आणि नाव सांगावं लागत नाही. तिचा नंबर आपल्या मुलाला आजच पाठवून ठेवा.