वेलचीची पाटी आम्ही का केली नाही

परळला एका चाळीच्या तळमजल्यावर आमचा डिझाइनचा स्टुडिओ आहे. पत्रकं, ब्रोशर, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या अशी कामं करतो. धंदा सुरू करतानाच भागीदाराने आणि मी ठरवलं होतं की तंबाखूचं काम घ्यायचं नाही. टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं हॉस्पिटल आमच्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. जबड्याचं ऑपरेशन झालेली, नाकात नळी असलेली माणसं आणि फुटपाथवर पथारी टाकून राहिलेले त्यांचे नातेवाईक आम्हाला येता-जाता दिसतात. त्यातली कित्येक पोरं पंचविशी-तिशीची असतात.

तंबाखूची उघड जाहिरात २००३ च्या कायद्याने बंद आहे आणि राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. म्हणून आता गुटखावाली पार्टी वेलचीची जाहिरात घेऊन येते. नाव तेच, रंग तेच, अक्षरांचं वळणही तेच, फक्त खाली बारीक टायपात ‘इलायची’. अशा आडून केलेल्या जाहिरातींना २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली, तरी टपऱ्यांवर बघा काय दिसतं ते.

असं एक काम एका मोठ्या एजन्सीमार्फत आमच्याकडे आलं होतं. उपनगरांतल्या टपऱ्यांच्या पाट्या, वर्षभर पुरेल एवढं काम, तेही ऐन पावसाळ्यात, आमच्या मंदीच्या दिवसांत. आम्ही नाही म्हटलं. त्या महिन्यात मुलांचे पगार उशिरा झाले. हे मुद्दाम लिहितो, कारण मालकाच्या तत्त्वाची झळ आधी कामगाराच्या घरी पोचते. आता मोठं काम नाकारायचं असलं तर सगळ्यांना बसवून हिशेब समोर ठेवतो, आणि मग ठरवतो.

काही बाबतींत डोकं फार चालवावं लागत नाही. बिल्डरचं ब्रोशर असेल तर आधी महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाचा, नोंदणी क्रमांक. ‘मधुमेह मुळापासून बरा’ छापणं तर १९५४ च्या कायद्यानेच गुन्हा आहे.

खरी कसरत कोचिंग क्लासच्या फ्लेक्सची. क्लास चांगले असतात, शिक्षक मेहनती असतात, पण फोटोतल्या मुलाने तिथे वर्षभर शिकून यश मिळवलं की नुसती टेस्ट सिरीज लावली होती, हे फ्लेक्सवरून कळत नाही. लाखभर फी भरणारा बाप तो फोटो बघूनच आत शिरतो. म्हणून मुलाने कोणता कोर्स केला ते फोटोखाली छापायचं आणि पालकांची लेखी संमती आणायची, या अटींवरच आम्ही काम घेतो. दादरच्या एका क्लासचा फ्लेक्स सध्या याच कारणाने अडलाय. निकालाचा हंगाम आहे, सरांचे रोज फोन येतात, पण दोन पालकांच्या सह्या अजून यायच्या आहेत.