ऑइल फिल्टर कापले: वजनाचं कौतुक आणि आतल्या चोरवाटा

कुठला ऑइल फिल्टर चांगला हे बघायला चार नग आधी बाहेरून तपासले होते, आता ते कापून झाले. गाडी मारुती स्विफ्ट, के-सीरीज पेट्रोल इंजिन, म्हणजे आट्यांवर फिरवून बसणारा पत्र्याचा बंद डबा. टेबलावर चार नग आहेत: शोरूमच्या पार्ट काउंटरवरचा एक, नावाजलेल्या आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीबाहेरच्या) कंपन्यांचे दोन आणि नाना पेठेतून आणलेला एक लोकल. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. एकेक नग कापून कुणाच्या सगळ्या मालाबद्दल बोलणं बरोबर नाही.

लोकलवाल्याचं एकच पालुपद होतं, "साहेब, हातात घेऊन वजन बघा." वजन खरंच सगळ्यांत जास्त भरलं. कापल्यावर कारण कळलं: तळाची आट्यांची प्लेट जाड आणि डब्याचा पत्राही जाड. गाळणारा ऐवज, म्हणजे आतला चुण्यांचा कागद, मात्र चौघांत सगळ्यांत कमी. प्रेशरला डबा फुगू नये एवढा पत्रा लागतोच, त्यापुढचं वजन नुसतं दाखवायला.

कापण्याबद्दल एक सूचना. हॅक्सॉ लावू नका. लोखंडाचा कीस कागदावर बसतो आणि मग तो इंजिनातला की करवतीचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी डबा व्हाइसमध्ये हलका धरून तळाची दुमडलेली कड कानशीने गोल घासत गेलो. दुमड संपली की प्लेट आपोआप सुटते आणि आतलं सगळं अखंड बाहेर येतं. तोपर्यंत भोकं टेपने बंद ठेवायची.

आता मुद्द्याचं. आपल्या गप्पांत 'कागद कसा आहे' हाच प्रश्न आधी येतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की तेलाला कागद टाळून आत शिरायला वाट कुठे आहे? तेल बाहेरच्या भोकांतून डब्यात येतं, कागदातून मधल्या नळीत जातं आणि तिथून इंजिनात. ही शिस्त तीन ठिकाणी मोडू शकते: बायपास व्हॉल्व्ह (कागदाला वळसा घालून तेल सोडणारी झडप), कागदाचा जोड आणि दोन्ही टोकांच्या टोप्या.

बायपास असावाच लागतो. थंडीत तेल घट्ट असताना किंवा कागद तुंबल्यावर इंजिन कोरडं राहण्यापेक्षा न गाळलेलं तेल मिळालेलं बरं. साधारण १ बारच्या आसपास, इंजिनाप्रमाणे कमीजास्त, दाबाच्या फरकाला तो उघडतो. पण एरवी तो घट्ट मिटलेला हवा. अंधाऱ्या खोलीत मधल्या नळीत छोटी टॉर्च घातली आणि व्हॉल्व्हकडे बाहेरून बघितलं. तीन फिल्टरांत काळोख. लोकलमध्ये चकतीच्या एका बाजूने चंद्रकोरीसारखी उजेडाची बारीक रेघ. भिंगाखाली धरल्यावर प्लॅस्टिकच्या चकतीच्या कडेला साच्याचा टोकेरी फुगवटा दिसला. त्यामुळे ती पूर्ण बसतच नाही. म्हणजे थोडं तेल कायमच न गाळता जाणार, मग कागद कितीही भारी असो.

जोडाचंही तेच. चुण्यांच्या कागदाची दोन टोकं पत्र्याच्या क्लिपने किंवा डिंकाने जोडतात. लोकलची क्लिप वरच्या टोपीच्या अलीकडेच संपली होती आणि तिथे डिंकही विरळ. टोपी पुठ्ठ्याची असली की आपल्याकडे लगेच नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. एका आफ्टरमार्केटची टोपी फायबरची होती आणि तिचा डिंक कागदात असा मुरला होता, की ओढल्यावर कागद फाटला पण जोड सुटला नाही. पत्र्याची असूनही अर्धवट चिकटलेली टोपी तिच्यापेक्षा वाईट.

मग कागद. हिशोब सोपा आहे: चुण्यांची संख्या गुणिले खोली गुणिले उंची, आणि दोन बाजू म्हणून गुणिले दोन. शोरूमवाल्यात ५२ चुण्या, १३ मिमी खोल, ५५ मिमी उंच. म्हणजे साधारण ७४४ चौरस सेंमी. लोकलमध्ये खोली तेवढीच, पण चुण्या ३६ आणि उंची ५०. म्हणजे ४६८, दोन तृतीयांशसुद्धा नाही. उलट एका आफ्टरमार्केटमध्ये चुण्या इतक्या दाटीने भरल्या होत्या, की नळीकडच्या बाजूला त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. तिथलं क्षेत्रफळ हिशोबात येतं, कामाला येत नाही.

खोक्यावरचा मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकडा एकटा असेल तर सोडून द्या. '२० मायक्रॉन' म्हणजे त्या आकाराचे निम्मे कण अडतात की ९९ टक्के? आयएसओ ४५४८-१२ ही चाचणी याचंच उत्तर देते. तिथे बीटा ७५ याचा अर्थ, त्या आकाराचे आणि त्याहून मोठे ७५ कण आले तर १ पुढे निसटतो, म्हणजे ९८.७ टक्के अडतात. आकार आणि टक्का दोन्ही छापणाऱ्या कंपनीला माझा एक गुण आगाऊ.

शेवटचं रबर. इंजिन बंद झाल्यावर डब्यातलं तेल मागे उतरू नये म्हणून आत रबराचा पडदा असतो. तो ढिला पडला की सकाळच्या पहिल्या स्टार्टला तेलाचा दिवा रेंगाळतो आणि इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक ऐकू येते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसणाऱ्या गाड्यांना हे जास्त भोवतं. हे रबर नायट्राइल किंवा सिलिकॉन असतं: नायट्राइल उष्णतेने कडक होतं, सिलिकॉन जास्त काळ मऊ राहतं. केशरी दिसलं की सिलिकॉन, यावर विसंबू नका, रंग कशालाही देता येतो. कापलेल्या पडद्याचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून मोकळ्या हवेत पेटवला. शोरूमवाल्याची पांढरी राख झाली, म्हणजे सिलिकॉन. लोकलचा केशरी तुकडा काळा धूर सोडत जळला आणि मागे काजळी उरली.

या पडद्याची न कापता करायची चाचणीही जमली. प्रत्येकाचा जोडीचा नवा नग तेलाने भरला, मधल्या भोकाला रबरी बूच मारलं आणि उलटा टांगला. नवे असताना चौघांपैकी एकाच्याही बाहेरच्या भोकांतून तेल टपकलं नाही, लोकलच्यासुद्धा. त्यामुळे नव्या नगावर ही चाचणी फारसं काही सांगत नाही. खरी गंमत १०,००० किमी उष्णता खाल्लेल्या रबरावर. सध्या गाडीत फायबरच्या टोपीवाला बसवला आहे, पुढच्या सर्व्हिसला तोच बूच मारून टांगायचा आणि मग कापायचा. कुणी के-सीरीजचा वापरलेला फिल्टर टाकून देणार असेल तर ठेवा, किती किमी चालला ते डब्यावर लिहून. फक्त काढताना स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकू नका, टांगायची चाचणी मग होत नाही.