तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीवरचा जपानी

शिरोड्याजवळ एका जुन्या भाताच्या गोदामात मी मुलांना ज्युडो शिकवतो. तिथल्या भिंतीवर एक फोटो आहे. आखूड मान, दरवाजा अडेल असे खांदे, पांढरा डगला. मुलांना सोडायला आलेले पालक नाव विचारतात, घरी जाऊन मोबाइलवर शोधतात आणि दुसऱ्या दिवशी ठरलेला प्रश्न घेऊन येतात : एवढा मोठा ज्युडो चॅम्पियन त्या नाटकी कुस्तीत कशाला गेला? गेल्या आठवड्यात एका आईने त्याला शेपूटही जोडलं. "सर, आमच्या झिलाचा पण तसाच होतला काय?"

दर वेळी मी अर्धंमुर्धं सांगून वेळ मारून नेतो. आज नीट सांगतो.

फोटोतला माणूस मासाहिको किमुरा. जन्म १९१७, गाव कुमामोतो. बाप नदीतली खडी काढायचा आणि हा पोरवयात त्या कामाला जुंपलेला. आपल्या खाडीत रेती काढणाऱ्यांचे खांदे ज्यांनी पाहिलेत, त्यांना किमुराचे खांदे कुठून आले हे वेगळं सांगायला नको. १९३५ साली तो चार लढती हरला. आयुष्यातल्या ज्युडोतल्या हारी तेवढ्याच. त्यानंतर त्याने ठरवलं की बाकीचे तीन तास घाम गाळतात तर आपण नऊ तास गाळायचा. रात्री झाडाला पट्टा बांधून तो 'ओसोतो गारी' घोटायचा. म्हणजे समोरच्याला मागे कलवायचं आणि आपला पाय त्याच्या पायामागून झाडूसारखा फिरवून त्याला पाडायचं.

हे कळल्यावर मीही एकोणिसाव्या वर्षी वेळागरच्या सुरूच्या बनात पट्टा घेऊन गेलो होतो. सुरूची साल खरखरीत. तिसऱ्या दिवशी पोटरी सोलून निघाली, पाचव्या दिवशी टाच टेकवेना. वाळत घातलेले बांगडे राखणारी एक म्हातारी रोज बघत असायची. शेवटी तिने विचारलंच, "झाड पाडूचा हा काय रे तुका?" झाड अजून उभं आहे. किमुराने मात्र १९३६ ते १९४९ पर्यंत समोर आलेल्या कुणाला जिंकू दिलं नाही. मधल्या १९४० साली तर सम्राटासमोर झालेली स्पर्धाही मारली.

मग युद्धानंतरचा जपान. खायची मारामार, पदकांना कोण विचारतो! ज्युडो १९६४ साली ऑलिंपिकमध्ये आला, तोवर याची उमेद सरली होती. त्यात बायकोला क्षय. स्ट्रेप्टोमायसिन नुकतंच निघालेलं, अमेरिकेतून यायचं आणि सोन्याच्या भावाने मिळायचं. त्याचे गुरू उशिजिमा यांनी १९५० साली तिकीट लावून व्यावसायिक ज्युडो सुरू केला, त्यात हा गेला. ते दुकान काही महिन्यांतच बसलं. पुढे हवाईत फ्रीस्टाइल कुस्तीवाल्यांनी पैसे दाखवले आणि याने घेतले. 'का गेला' याचं उत्तर खरं तर इथेच संपतं. ज्यांच्या घरातले बापये गिरणीत राबायला मुंबईला गेले त्यांनी हा प्रश्न विचारावा, याचंच मला नवल वाटतं.

त्याच फिरतीत तो ब्राझीलला पोचला. २३ ऑक्टोबर १९५१, रिओचं माराकाना स्टेडियम, समोर तिथला जुजुत्सूवाला हेलिओ ग्रेसी. ही लढत खरी होती. किमुराने त्याचा हात कोपरात मुडपून पाठीमागे पिळला, नारळ देठातून पिळतात तसा. हाड मोडलं तरी ग्रेसी हार मानेना, अखेर त्याच्या भावाने कोपऱ्यातून टॉवेल टाकला. त्या डावाचं जपानी नाव 'उदे गारामी', पण त्यानंतर सगळं जग त्याला 'किमुरा' म्हणायला लागलं. आमच्याकडची दहा वर्षांची पोरंसुद्धा म्हणतात, आणि एकमेकांवर करू बघतात, म्हणून मला ओरडावं लागतं.

आता नाटकी कुस्तीबद्दल. वडील मुंबईत असताना दारासिंग आणि किंगकाँगच्या फ्रीस्टाइलचे वेडे होते. ती नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरलेली असते हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांचं काही बिघडत नव्हतं. दशावतार बघणाऱ्याचं कुठे बिघडतं? राक्षस पहाटे मरणार हे संकासुर नाचत असतानाच ठाऊक असतं. तरी आपण रात्रभर बसतोच.

दशावताराची एक गोष्ट मला स्वतःला सोसलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या जत्रेला आलेल्या कंपनीतला राक्षस तापाने आडवा झाला आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं, का तर "धिप्पाड आसा". राजाच्या कामाला एक वयस्क नट होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पडद्यामागे त्यांनी दोन मिनिटांत समजावलं : तीन वार मी करतो, चौथ्याला तू पडायचं. तीन वार झाले. चौथ्याला अण्णांनी माझा खांदा धरला आणि माझ्या हाताने आपोआप त्यांची मखमली बाही पकडली. पाय कधी मागे गेला कळलंच नाही. राजा उताणा. मुकुट गडगडत मृदंगवाल्याच्या मांडीशी. हार्मोनियम थांबली. अण्णा पडल्या पडल्या गरजले, "मायावी राक्षसा, ही तुझी कपटविद्या!" टाळ्या पडल्या, मग उठून त्यांनी मला रीतसर मारलं. नंतर दोन महिने त्यांची कंबर धरलेली होती. मला शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

खऱ्या लढतीत समोरच्यावर विश्वास ठेवायची गरज नसते. तो तुम्हाला पाडणार हे धरूनच तुम्ही उभे असता. ठरवलेल्या लढतीत मात्र तुम्ही आपलं अंग त्याच्या हवाली करता. किमुराचं चुकलं असेल तर ते इथे.

जपानातल्या नाटकी कुस्तीचा म्होरक्या रिकिदोझान हा मूळचा कोरियन, आधीचा सुमो मल्ल. १९५४ च्या फेब्रुवारीत तो आणि किमुरा जोडीने कॅनडाच्या शार्प भावांशी लढले, तेव्हा रस्त्यारस्त्यावरच्या टीव्हीसमोर माणसं मावत नव्हती. पण त्या जोडीत पडायचं काम बहुतेक वेळा किमुराकडेच. शेवटी त्यानेच रिकिदोझानला आव्हान दिलं. २२ डिसेंबर १९५४, टोकियो. पहिली लढत बरोबरीत सोडवायची असं ठरलं होतं, हे किमुराने नंतर सांगितलं. पंधराएक मिनिटांत रिकिदोझानने खरे तडाखे आणि लाथा घालायला सुरुवात केली. किमुरा रक्तबंबाळ होऊन मॅटवर पडला आणि हे साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. अण्णांना मी चुकून पाडलं होतं. इथे चूक नव्हती.

रिकिदोझान १९६३ साली नाइटक्लबातल्या भांडणात सुरी लागून आठवड्याभरात गेला. किमुरा जगला १९९३ पर्यंत. ज्युडोची सातवी 'दान', म्हणजे काळ्या पट्ट्यातली सातवी पायरी, त्याला तिशीतच मिळाली होती. व्यावसायिक झाल्यावर कोडोकानने, म्हणजे ज्युडोच्या मूळ संस्थेने, त्याला मरेपर्यंत पुढची दिली नाही. मला हा कद्रूपणा वाटतो. तो मात्र ताकुशोकु विद्यापीठात पोरं घडवत राहिला. त्यातलाच एक, इवात्सुरी, १९७१ ला अखिल जपान विजेता झाला.

हे सगळं मी त्या बाईंना गोदामाच्या पायरीवर बसून सांगितलं. बाहेर पाऊस. मुलाचा ओला डगला त्यांच्या मांडीवर होता. आषाढात तो चार दिवस वाळत नाही आणि त्याला येणारा कुबट वास आमच्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. रिकिदोझान, कोडोकान, दान, यातलं त्यांनी काही विचारलं नाही.

"मगे बायल वाचली काय तेची?"

वाचली, म्हटलं. हवाईहून त्याने औषध पाठवलं होतं.

"बरा झाला," त्या म्हणाल्या, आणि डगला पिळायला उठल्या.