पाणी ओसरल्यानंतरचा पहिला तास

पूर चढत असताना मदतीला हात पुष्कळ मिळतात. दोर टाकायला, होडी ओढायला, म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घ्यायला अनोळखी माणसेही धावून येतात. पाणी ओसरू लागले की हे हात हळूहळू पांगतात, कारण संकट टळले असे सर्वांनाच वाटते. मी काही वर्षांपासून पूरग्रस्त कुटुंबांना निवारा केंद्रातून त्यांच्या घरी परत पोहोचवण्याचे काम स्वयंसेवक म्हणून करते आहे आणि माझे मत असे बनले आहे की घराचे दार उघडल्यानंतरचा पहिला तास हा सुटकेच्या तासाइतकाच जपण्याचा असतो.

निवारा केंद्रातल्या माणसांना घरी जाण्याची घाई का असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. घराची ओढ असते हे खरेच. पण कुणाची कागदपत्रे कपाटात अडकलेली असतात, कुणाला चोरीची धास्ती असते, कुणाची रोजची औषधे घरी राहिलेली असतात आणि परक्या जागी, चारचौघांत झोपण्याचा संकोच तर जवळपास सगळ्यांनाच असतो. अशा माणसांना नुसते ‘थांबा’ म्हणणे पुरेसे नसते आणि ते न्याय्यही नसते. कशासाठी थांबायचे आहे आणि पुढची खबर केव्हा मिळेल, हे त्यांना सांगावे लागते. आम्ही दिवसातून दोन वेळा, ठरलेल्या वेळी, सर्वांना एकत्र बसवून परिस्थिती सांगतो; नवे काही नसले तरी तेवढे सांगण्यासाठी उभे राहतो. एक वेळ जरी चुकली तरी अफवा पसरतात आणि लोक अंधारात, पाण्यातून निघून जातात.

रस्त्याबद्दल थोडक्यात सांगते. वाहते पाणी जेमतेम 15 सेंटीमीटर असले तरी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते आणि 30 सेंटीमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. पाणी गढूळ असल्याने गटाराचे झाकण वाहून गेलेले दिसत नाही आणि वरून शाबूत दिसणाऱ्या डांबराखालची माती केव्हाच निघून गेलेली असू शकते. म्हणून पुढे चालणाऱ्याच्या हातात काठी हवी आणि परतीचा प्रवास दिवसाउजेडीच व्हायला हवा. पहिल्या दिवशी प्रत्येक घरातले एक किंवा दोन प्रौढच आमच्याबरोबर येतात, मुले मागे राहतात. या नियमावर रुसवेफुगवे होतात, पण मी त्यात सूट देत नाही.

घरापाशी पोहोचल्यावर लगेच आत शिरायचे नसते. आधी बाहेरून एक फेरी मारायची, पाया उघडा पडला आहे का, भिंतीला नवी तडा गेली आहे का, विजेची तार लोंबते आहे का, ते पाहायचे. दार फुगून बसले असेल तर ते धक्क्याने उघडण्यापूर्वी छताकडे नजर टाकायची, कारण पाणी धरून फुगलेले छत दाराच्या हादऱ्यानेही खाली येऊ शकते. गॅसचा वास आला तर कोणतेही बटण न दाबता, काडी न ओढता मागे फिरायचे. विजेच्या बाबतीत मात्र मी एक चूक स्वतः केली आहे, ती सांगितलीच पाहिजे. संपूर्ण वस्तीचा पुरवठा बंद असल्याची खात्री मी केली होती आणि त्या भरवशावर आमचा एक सहकारी ओल्या हाताने भिंतीला टेकला. त्या घरातला इन्व्हर्टर उंच फळीवर होता, पाणी तिथवर पोहोचलेच नव्हते आणि त्याची बॅटरी ओल्या बोर्डाला वीज पुरवतच होती. तो मागे फेकला गेला आणि वाचला. तेव्हापासून आत जाण्यापूर्वी घरात इन्व्हर्टर, सौर पॅनेल किंवा जनरेटर आहे का, हे मी घरच्यांना विचारते. मेन स्विचपर्यंत कोरड्या जमिनीवरून जाता येत नसेल तर त्याला हात न लावता वायरमनची वाट पाहते, मग त्यात दुपार गेली तरी चालेल.

यानंतर घरची माणसे उंबरठ्यावर येतात. एका घरी एक आजी बराच वेळ दारातच उभ्या राहिल्या, चिखलात उलटलेल्या ट्रंकेकडे पाहत. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने फावडे उचलले आणि त्या म्हणाल्या, ‘बाळा, जरा थांब, मला बघू दे.’ मदत करणाऱ्याला चिखल दिसतो. घरच्यांना त्या चिखलात आपले आयुष्य दिसते. त्यामुळे विचारल्याशिवाय एकही वस्तू बाहेर फेकायची नाही, हे आम्ही सर्वांना बजावतो. साफसफाईपूर्वी प्रत्येक खोलीची आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेची छायाचित्रे घ्यावीत, कारण पंचनाम्याला किंवा विम्याला तोच पुरावा लागतो. भिजलेली कागदपत्रे ओढून सुटी करू नयेत; लगेच वाळवणे शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुठल्याही चालू फ्रीजरमध्ये ठेवली की बुरशी थांबते आणि सावकाश सुकवायला वेळ मिळतो. ट्रंक सरकवताना आधी काठीने ठोकून पाहावे, कारण आसऱ्याला आलेला साप अशाच आडोशाला दडतो.

गाळ ओला असतानाच काढावा, वाळला की तो दगडासारखा होतो. तळघरातले पाणी मात्र एकदम उपसू नये. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असते आणि आतला दाब अचानक नाहीसा झाला की भिंत आत ढासळू शकते. म्हणून रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढावे. पंपासाठी जनरेटर लावला तर तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान 6 मीटर दूर ठेवावा, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. ब्लीचमध्ये आम्लाचे किंवा अमोनियाचे द्रावण मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतात. पुराचे पाणी लागलेले अन्न आणि औषधे टाकून द्यावीत. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे आणि विहीर असेल तर ती निर्जंतुक करून, पाणी तपासून घेईपर्यंत वापरू नये.

घर धुऊन झाले म्हणजे ते राहण्याजोगे झाले, असा समज मला सर्वांत जास्त सतावतो. ओल राहिली तर 24 ते 48 तासांत बुरशी धरू लागते आणि भिंती आतून कोरड्या व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. दम्याचे रुग्ण, तान्ही मुले आणि गर्भवती स्त्रिया यांनी तोवर दुसरीकडे राहावे असे मी स्पष्टपणे सांगते, आणि अशी जागा नसलेल्यांसाठी निवारा केंद्र आणखी काही दिवस चालू ठेवावे म्हणून भांडावे लागले तर भांडते.

आमच्या नोंदवहीत प्रत्येक कुटुंबापुढे परतीच्या तारखेनंतर आणखी एक रकाना असतो. पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिस (उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) होऊ शकतो आणि त्याची लक्षणे 2 ते 30 दिवसांत केव्हाही दिसू शकतात. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना, लाल डोळे यांपैकी काही जाणवले तर डॉक्टरांना ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगावे, असे आम्ही निरोप घेतानाच सांगतो. पायाला जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही चौकशी करतो. त्या रकान्यात तिसाव्या दिवसाची तारीख लिहिलेली असते. त्या दिवशी फोन करून घरातल्या प्रत्येकाची प्रकृती नावानिशी विचारायची आणि मगच त्या कुटुंबापुढे खूण करायची. गाळ उपसणाऱ्या आमच्या स्वयंसेवकांची नावेही त्याच वहीत, त्याच रकान्यासह असतात.