मगदल्याचं पदक

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे आमच्या फ्रेमच्या दुकानात पदकं काचेत बसवायचं काम बारमाही. पासष्टचं, एकाहत्तरचं पदक रिबनवरून ओळखतो. पण खानापूरकडच्या एका काकांनी रुमालाची गाठ सोडली आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

चांदीचं, रुपयाएवढं. मधोमध डोक्यावरून पदर घेतलेली व्हिक्टोरिया राणी, भोवती नऊ टोकांचा तारा आणि टोकांच्या मधे एकेक इंग्रजी अक्षर. नऊ अक्षरं मिळून ॲबिसिनिया, म्हणजे इथिओपियाचं जुनं नाव. मागे शिपायाचं नाव, काकांचे खापरपणजोबा. अशी किती पदकं सराफाच्या मुशीत गेली असतील देव जाणे.

"खाली पितळी पट्टी पाहिजे. रानटी राजाला धडा शिकवला, असं लिवा," काका म्हणाले. मग अक्षरामागे दर ऐकून, "धडा शिकवला एवढंच लिवा की."

नातू सोबत होता, कॉलेजात शिकणारा. त्यानं विचारलं म्हणून मला ठाऊक होतं ते सांगितलं. इथिओपियाच्या तेवोद्रोस राजानं इंग्रज सरकारच्या दूताला आणि इतरांना कैदेत टाकलं, त्यांना सोडवायला मुंबईहून सेनापती नेपियरची फौज निघाली. तोफा वाहायला हत्तीसुद्धा इथलेच. १३ एप्रिल १८६८ ला राजाचा मगदला किल्ला पडला, राजानं स्वतःला गोळी घातली. त्याआधीच कैदी सुटले होते. काम तिथं संपलं होतं, पण फौज थांबली नाही. चर्च आणि खजिना लुटला, किल्ला पेटवला. लूट वाहायला पंधरा हत्ती आणि सुमारे दोनशे खेचरं लागली. वाटेत फौजेतच तिचा लिलाव झाला. ब्रिटिश म्युझियमचा माणूस फौजेबरोबरच होता, त्यानं म्युझियमसाठी खरेदी केली. साडेतीनशेच्या आसपास हस्तलिखितं लंडनला गेली. चर्चमधले पवित्र फलक अजून त्या म्युझियममध्ये झाकून ठेवलेत. ते फक्त त्यांच्या पाद्र्यांनी बघायचे असतात. म्हणजे न्यायचे तर नेले, दाखवायची मात्र सोय नाही! सुधारलेल्या लोकांचा हा कारभार. १८७१ मध्ये ग्लॅडस्टन पंतप्रधान असताना पार्लमेंटात म्हणाला, या वस्तू आणायला नको होत्या. पण बहुतेक परत पाठवल्या नाहीत.

काका गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "माझं आजोळ कित्तूरजवळ. थॅकरेनं आधी खजिन्यालाच सीलं ठोकली होती न्हवं?"

इंग्रज कलेक्टर थॅकरे आणि कित्तूरची राणी चन्नम्मा यांच्या लढाईची, १८२४ ची ती गोष्ट इकडं पोरांनाही पाठ असते. वाड्याचे चौथरे आणि पडक्या भिंती सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. चन्नम्मेचा अभिमान आणि खापरपणजोबांचं पदक एकाच घरात नांदतात. मला यात काही विपरीत वाटत नाही. शिपाई पगारासाठी गेला, हुकूम नेपियरचा. पण पट्टीवर थाप मारायला माझा हात वळेना.

नाव मागच्या बाजूला असल्यामुळे दोन्हीकडून काच लावायचं ठरलं. "चिंच-रांगोळीनं घासू नका, अक्षरं झिजतील," मी बजावलं.

पट्टीचा कागद नातवानं पुढं ओढला, 'मगदला, १८६८' लिहिलं आणि थांबला.

"आणि लूट," काका म्हणाले. "वाढीव अक्षरांचे पैसे मी देतो."